मोडकीच पाहिजे

गंधार मुळ्ये मुंबईत चार वर्षं बेस गिटार वाजवत होता, हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक होतं. ठाऊक होतं, कारण गंधारनेच ते सांगितलं होतं. एकदा नव्हे, पंधरा वर्षं. लग्नात सांगितलं, मुंजीत सांगितलं, गणपतीत आरतीला माणसं जमायची वाट बघताना सांगितलं, आणि एका गृहस्थाच्या दहाव्याला तर कावळा शिवेपर्यंत सांगितलं. कावळा लवकर शिवला, नाहीतर त्या दिवशी 'रेड लँटर्न्स' बँडचा सगळा इतिहास लोकांना पुन्हा ऐकावा लागला असता.

हा माणूस सरकारी कचेरीत हेडक्लार्क. वय चाळिशीला टेकलेलं, पोट थोडं पुढे, केस मात्र मानेवर रुळतील इतके वाढवलेले, कारण कलावंताला ते लागतात. घरी वडील आप्पा, बायको उमा, आणि परसात सहा हापूसची कलमं. कशात काही कमी नव्हतं. पण नुसता हेडक्लार्क म्हणून मरायचं ही कल्पनाच गंधारला सहन होत नव्हती. त्या बेस गिटारीवाचून त्याच्यापाशी दाखवायला दुसरं काही नव्हतं, हे खरं.

आता खरा प्रकार काय होता तो सांगतो. कॉलेजला असताना गंधार दादरला आत्याकडे राहत असे. तिथल्या चार पोरांनी बँड काढला, त्यांच्याबरोबर हा फिरायचा. स्पीकरची खोकी जिन्यावरून वर न्यायची, कार्यक्रम झाला की खाली आणायची, आणि सगळ्या वायरी गुंडाळून पेटीत भरायच्या, हे त्याचं काम. वायर गुंडाळणं तो मनापासून शिकला. कोपराभोवती नव्हे हो, तसं अडाणी करतात. हातातल्या हातात, एक फेरा सुलटा, एक फेरा उलटा, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही. आणि गिटार? एकदा, फक्त एकदा, बेसवाल्याने "जरा धर रे" म्हणून ती याच्या गळ्यात अडकवली आणि तो लघवीला गेला. ते दीड मिनिट म्हणजे गंधारची चार वर्षं.

ही थाप निभली कशी, असं तुम्ही विचाराल. फार सोपं होतं. रत्नागिरीत तबला होता, पेटी होती, भजनाला पखवाज होते, लग्नाला बँजो होता. बेस गिटार कुणी जन्मात पाहिली नव्हती. "वाजवून दाखव ना" असं कुणी म्हटलं की गंधार खिन्न हसायचा आणि म्हणायचा, "अहो, माझी गेली ती. आणि ते जुनं लाकूड आता कुठे मिळायला? हल्लीच्या गिटारी म्हणजे प्लायवूड." झालं! कुणाची टाप होती पुढे बोलायची?

उमाला बघायला गेला तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. उमा देवरूखची, गाण्याचं वेड असलेली. तिला त्याच महिन्यात एक बागायतदार सांगून आला होता, दोनशे कलमांचा धनी. तिने त्याला नाही म्हटलं आणि या कारकुनाला होकार दिला. "माणूस कारकून असला तरी हाताला सूर आहे," असं तिने आईला सांगितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी तो सूर काही तिच्या कानी पडला नव्हता. पण ती वाट बघत होती, आणि ती वाट बघतेय हे ठाऊक असल्यामुळे गंधारला कधीकधी जेवताना घास उतरत नसे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नवी थाप मारून मोकळा व्हायचा, ते सोडा.

एवढ्यावर थांबला असता तर त्याचं निभावलंही असतं. पण गावात कुठलाही गाण्याचा कार्यक्रम असो, हा दुसऱ्या रांगेत बसणार, डोळे मिटणार, आणि गाणं संपलं की शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणणार, "सगळं आहे हो, पण बेस कुठाय?" आळीतला विनीत कीबोर्ड वाजवायचा. त्याचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दिवसभर सोल्डरिंग करून रात्री तो तालमी घ्यायचा. त्याने बिचाऱ्याने हे "बेस कुठाय" सात वर्षं ऐकलं होतं. ऐकून ऐकून तो पिकला होता.

दोन हजार सहाच्या जुलैत आळीतल्या नाट्यमंडळाची सभा झाली. मंडळाला पन्नास वर्षं होत होती, जानेवारीत मोठा कार्यक्रम ठरला. गंधार सवयीने म्हणाला, "करा, पण बेसशिवाय पोकळ वाटेल."

विनीत उठला. "मग तुम्ही वाजवा ना, गंधारदादा."

"अरे, वाजवली असती रे, पण वस्तू कुठाय?"

"नेटवर आहे," विनीत म्हणाला. "लिलावाच्या वेबसाइटवर हल्ली सगळं मिळतं. मी परवाच बघितलं, दहा-बारा बेस गिटारी आहेत. जुन्याही आहेत. चार गाणी तुमच्यासाठी राखून ठेवतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पाही सभेला होते. त्यांनी तर उभं राहून सांगितलं, "घेऊन टाक, शिंच्या! किती वर्षं रडतोयस!" गंधारच्या तोंडचं पाणी पळालं. पण चेहरा असा केला, जणू काही इतक्या वर्षांनी देव पावला.

त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मात्र तो शीळ घालत उठला, कारण त्याला युक्ती सुचली होती. गिटार घ्यायचीच. जुनी घ्यायची, दुर्मीळ घ्यायची, पण मोडकी घ्यायची. अशी मोडकी, की पुन्हा वाजायची शक्यताच राहू नये. म्हणजे वस्तू घरात, मान गावात, आणि वाजवायचा प्रश्नच मिटला.

सायबर कॅफेत तो आठ दिवस जाऊन बसला. चांगल्या गिटारी दिसल्या की घाबरून पुढे जायचा. शेवटी सापडली. एकोणीसशे अडुसष्टची, जपानी बनावटीची, तांबूस रंग, विकणारा शिलाँगचा. खाली लिहिलं होतं की मान अंगाला जिथे मिळते तिथून साफ तुटली आहे, आतली वायरिंग गेली आहे, आवाज येत नाही, जशी आहे तशी घ्यावी, तक्रार चालणार नाही. गंधारला इतकं सुंदर वर्णन कित्येक वर्षांत वाचायला मिळालं नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून त्याने शिलाँगला फोन लावला. "मान नक्की तुटलेली आहे ना?" त्याने हिंदीत विचारलं.

"हो साहेब, मी आधीच लिहिलंय," तो माणूस ओशाळून म्हणाला.

"पुरती तुटलीय? की चिकटवता येईल?"

"मी दोघांना दाखवली. दोघेही नाही म्हणाले."

"वा!" गंधार म्हणाला. "पाठवून द्या."

त्या माणसाला आयुष्यात असं गिऱ्हाईक भेटलं नसेल. त्याने बिचाऱ्याने चार रुपये कमीसुद्धा केले.

गणपतीनंतर पार्सल आलं. उघडायला निम्मी आळी ओटीवर जमली होती. लाकडाचं अंग एकीकडे, मान एकीकडे, आणि मधे चार गंजक्या तारा लोंबत होत्या. आप्पांनी "अरेरे" केलं. गंधारने दोन्ही हातांनी कपाळ धरलं, मग हळूच गिटारीच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "असल्या वस्तू अशाच मिळतात, आप्पा. अडुसष्टची आहे. हिला दुरुस्त करणारा कलकत्त्यात एक म्हातारा होता, तो गेला. आता जर्मनीलाच पाठवायला पाहिजे." विनीतचा चेहरा एवढासा झाला. तो बघून गंधारला त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्त गेल्या.

गिटार टीव्हीच्या वर भिंतीला लागली. येणारा-जाणारा विचारायचा आणि गंधार सांगायचा. दसऱ्याला आप्पांनी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आपट्याचं पान ठेवलं आणि बराच वेळ बघत उभे राहिले. "माझ्या देखत वाजली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. गंधारला क्षणभर कसंसंच झालं. क्षणभरच हं, फार नाही.

दिवाळीनंतर कचेरीने त्याला आठ दिवस पुण्याला प्रशिक्षणासाठी पाठवलं. परत आला, बॅग ठेवली, वर बघितलं, तर भिंतीवर नुसते दोन खिळे.

"उमा! अगं, गिटार कुठाय?"

"बाबल्या मिस्त्रींकडे दिलीय," उमा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कोण बाबल्या?"

ती हात पुसत बाहेर आली. किती दिवसांत तिचा चेहरा असा फुललेला दिसला नव्हता. उमा पूर्णगडच्या शाळेत शिक्षिका होती, रोज एसटीने जायची. "अहो, होड्या बांधतात ते. आमच्या शाळेची पेटी त्यांनीच नीट केली, भाता फाटलेला होता. म्हटलं दाखवून तर बघू. गोधडीत गुंडाळून नेली एसटीतून. त्यांनी बघितली आणि म्हणाले, बाई, हे काय मोडणं झालं? होईल."

"होईल?" गंधार पलंगावर बसला. "अगं, होड्या बांधणारा माणूस! ती विदेशी गिटार आहे!"

"तुम्हाला आनंद नाही झाला?" उमाने विचारलं.

"झाला ना," गंधार म्हणाला. याच्याइतकं रडवेलं "झाला ना" त्या घरात आजवर कुणी म्हटलं नसेल.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून स्कूटरवर बसून हा पूर्णगडला पळाला. खाडीच्या काठाला माडाच्या झावळ्यांचा मांडव होता, आत एक अर्धवट होडी फासळ्या काढून उभी. त्या होडीच्या पोटात, दोन फळ्यांच्या मधे, काथ्याच्या दोरीने आवळून, पाचरी ठोकून, गंधारची गिटार जखडलेली. बाबल्या मिस्त्री म्हणजे साठीचा काटक माणूस, कानावर पेन्सिल, पायात काही नाही. बिडी विझवून तो उठला.

"या भाऊ. बाईंनी सांगितलान, तुमी येशाल म्हणून."

"मिस्त्री, तुम्ही उगीच त्रास घेताय," गंधारने सुरुवात केली. "ह्याला फार ताण असतो. तारा ओढल्या की सांधा उखडणार बघा. कलकत्त्याच्या लोकांनीसुद्धा हात टेकले."

"त्यांनी सरस लावलान असेल," बाबल्या म्हणाला. "सरसानं काय होतंय? मी तिरका सांधा घातलाय. होडीच्या कण्याला घालतो तोच. एक वीत लाकूड ह्याच्यातलं, एक वीत त्याच्यातलं. दर्याच्या लाटा वीस वर्षं ओढतात, तरी तो सुटत नाय. तुमच्या चार तारा काय घेऊन बसलाव?"

बाबल्याने गिटारीच्या एका कडेवर बोट ठेवलं. तिथला रंग उडून आतलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. "हितं बगा. हिचा पहिला मालक अंगठा टेकवायचा. वर्षानुवर्षं वाजवलीन असणार त्यानं." मग त्याने गंधारचा हात हातात घेतला, उलटा केला, आणि बोटांची टोकं दाबून बघितली. लाकूड दाबून बघावं तशी. "तुमची मऊ हायत."

"सोडून बरीच वर्षं झाली," गंधार म्हणाला आणि हात मागे घेतला.

"असेल, असेल," बाबल्या म्हणाला. "एक सांगून ठेवतो भाऊ. आमच्या घरची पद्धत हाय, बापाच्या वेळेपासनं. होडी नीट केली की पैल्या फेरीला मी सोता आत बसणार. ती तरंगली, चालली, म्हणजे मग मालकानं नारळ द्यायचा. त्याच्याआधी नारळ घेत नाय मी, कुणी कितीबी देवो. तुमच्या ह्या होडीचं पण तसंच. तुमी वाजवशाल त्या दिवशी मी बाजूला बसणार."

परत येताना खाडीत स्कूटर घालावी असंही गंधारच्या मनात येऊन गेलं. पण स्कूटर आप्पांच्या नावावर होती.

पुढे सगळा गावच हात धुऊन त्याच्या मागे लागला. आतली वायरिंग विनीतने दुकानातलं सामान घेऊन पूर्णगडला जाऊन जोडली. नव्या तारा विनीतचा मेहुणा कोल्हापूरहून घेऊन आला. मंडळाने पत्रिकेत छापलं, 'बेस गिटार : श्री. गंधार मुळ्ये (मुंबई)'. पंधरा वर्षं रत्नागिरी न सोडलेल्या माणसाला त्यांनी कंसात मुंबईत नेऊन ठेवलं. आप्पांनी त्या पत्रिकेच्या वीस प्रती नातेवाइकांना पोस्टाने पाठवल्या.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी गंधार स्वतः पूर्णगडहून गिटार आणायला गेला. एकटाच गेला, कारण त्याच्या मनात पाप होतं. परतीच्या वाटेवर पावसच्या अलीकडे सड्यावर त्याने स्कूटर थांबवली. चहूकडे उघडा काळा कातळ, चिटपाखरू नाही. त्याने गोधडी सोडली. नवा सांधा मधूनच फिकट दिसत होता, बाकी गिटार झकास झाली होती. क्षणभर त्याला तिची दया आली. मग पत्रिका आठवली. त्याने गिटार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि होता नव्हता तो जोर लावून कातळावर आपटली.

सांधा सुटला नाही. बाबल्याने तो लाटांसाठी घातला होता, हेडक्लार्कसाठी नव्हे. गिटार टणकन उसळली, हातातून निसटली आणि पाच किलोच्या आपल्या सगळ्या वजनानिशी गंधारच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर येऊन बसली. गंधार असा ओरडला की वळणापलीकडच्या थांब्यावर एसटीची वाट बघत बसलेली गंगुबाई मासेवाली टोपली तिथेच टाकून धावत आली.

"काय झालं ओ?"

"निसटली," गंधार कण्हत म्हणाला.

गंगुबाईने आधी गिटार उचलली, फिरवून बघितली. "हिला काय पण नाय झालं. रंगाचा टवका गेलाय नुसता. तुमीच मोडलाव."

अंगठ्याचं हाड मोडलं होतं. घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. दवाखान्यातून घरी येताना रिक्षात गंधारचा चेहरा उजळला होता. इतक्या वेदनेतही! घरी पोचल्याबरोबर त्याने सुस्कारा सोडून सांगितलं, "संपलं सगळं. माझ्या नशिबातच नाही. विनीतला निरोप द्या."

विनीत स्वतःच आला. प्लास्टर बघितलं, मग गंधारकडे बघितलं. "दादा, वाजवायला हाताची बोटं लागतात ना?"

"उभं राहावं लागतं रे."

"खुर्ची देतो. हात असलेली देऊ?"

उमाने तेवढ्यात चहा आणला होता. ती म्हणाली, "चालेल, खुर्चीच द्या. मी यांची बंडी इस्त्री करून ठेवते." आणि मग फक्त गंधारला ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, इतकं काय घाबरताय? पंधरा वर्षांनी हात लागतोय, चुकलात तरी कोण काय म्हणणार आहे? मला तर नुसतं ऐकायचंय." त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्याने. पण समोर विनीत बसला होता, आणि त्याच्यापुढे खरं बोलायचं म्हणजे जीव गेला तरी बेहत्तर. गंधारने तोंडात चहा ओतला.

तालमींना तो गेला नाही. "अनुभव असलेल्याला तालीम लागत नाही," असा निरोप धाडला. घरी दार लावून चार दिवस प्रयत्न केला, तर बोटांना फोड आले आणि गिटारीतून खाट सरकवल्यासारखे आवाज निघाले. मग त्याने तो नाद सोडला आणि आरशासमोर बसून डोळे मिटायची, ओठ दाबायची, मान डोलवायची तालीम केली. चार वर्षं खोकी वाहताना त्याने हे सगळं नीट पाहून ठेवलं होतं. ते त्याला खरंच छान यायचं.

आणि वायर होतीच. वायरीतलं त्याला कळत होतं. वायर लावलीच नाही तर आवाज येणार नाही. आवाज आला नाही तर चूक कुणाला ऐकू येणार? इतका साधा उपाय अंगठा मोडायच्या आधी का सुचला नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचला शाळेच्या पटांगणात मांडव भरला होता. गंधार लंगडत आधीच स्टेजवर गेला आणि सगळ्यांना म्हणाला, "माझ्या वायरीचं मी बघतो, तुम्ही हात लावू नका." वायरीचं एक टोक त्याने गिटारीत खोचलं. उरलेली वायर एक फेरा सुलटा, एक फेरा उलटा अशी सुरेख गुंडाळली आणि बंडीच्या खिशात घातली. स्पीकरचं खोकं मागे नुसतंच दिवा लावून बसलं.

पडदा उघडायच्या आधी बाबल्या मिस्त्री आला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. पहिल्या रांगेत त्याच्यासाठी खुर्ची राखली होती, तिच्याकडे त्याने बघितलंही नाही. एक स्टूल उचललं, स्टेजवर चढला आणि गंधारच्या खुर्चीच्या मागे हातभर अंतरावर ठेवून बसला.

"मिस्त्री, पुढे बसा ना, तिथून चांगलं दिसेल," गंधार घाम पुसत म्हणाला.

"नाय भाऊ. पैली फेरी हाय. मी आतच बसणार."

चार गाणी झाली. काय वाजवलं म्हणून सांगू गंधारने! डोळे मिटले, ओठ दाबले, मान डोलवली, एका जागी तर खालचा ओठ चावला. बोटं तारांवरून अशी फिरत होती की पाहणाऱ्याला वाटावं, हा जन्मला तोच गिटार घेऊन. विनीतचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने डाव्या हाताने कीबोर्डवर खालचे सूर नेहमीसारखेच धरून ठेवले होते. मांडवात धुमधुम ऐकू येत होतं. लोक म्हणाले, हाच तो बेस! आप्पांनी चष्मा काढून डोळे टिपले. उमा मात्र मान थोडी तिरकी करून ऐकत होती, आणि तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी होती.

चौथं गाणं संपलं. टाळ्याच टाळ्या! गंधार खुर्चीतल्या खुर्चीत वाकून नमस्कार करत होता. त्याला वाटलं, सुटलो. त्याला त्याही पुढचं वाटलं, की आपण खरंच वाजवलं.

मंडळाचे अध्यक्ष माइकपाशी आले. "आता ज्यांच्या हातांनी ही दुर्मीळ गिटार पुन्हा बोलती झाली, त्या पूर्णगडच्या बाबल्या मिस्त्रींचा शाल आणि नारळ देऊन सत्कार करतो."

बाबल्या स्टुलावरून उठला. शाल त्याने खांद्यावर घेतली. नारळ पुढे आला तसे दोन्ही हात मागे घेतले.

"नारळ नको."

"अहो, घ्या हो मिस्त्री, मानाचा आहे."

"म्हणून तर नको," बाबल्या माइकजवळच बोलत होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "होडी पाण्यात गेल्याबिगर मी नारळ घेत नाय. ही अजून पाण्यात गेलीच नाय. दोर सोडलेलाच नाय अजून. तो बगा, भाऊंच्या खिशात हाय."

विनीत जागेवरून उठला, सावकाश गंधारपाशी आला, आणि त्याच्या बंडीच्या खिशातून वायर ओढायला लागला. इतकी छान गुंडाळलेली होती ती! कुठेही न अडकता, एकही गाठ न पडता, हातभर, दोन हात, चार हात निघतच राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळा मांडव हसला. विनीतने ते टोक स्पीकरच्या खोक्यात खोचलं आणि बाजूला उभा राहिला.

"हां दादा," तो म्हणाला. "बेस कुठाय?"

हसणं थांबलं. सगळे वाट बघत होते. पळायची सोय नव्हती, पाय प्लास्टरमध्ये होता. गंधारने आप्पांकडे बघितलं, ते चष्मा पुसत होते आणि अजून त्यांना काही कळलं नव्हतं. उमाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. लाजेने त्याचे कान तापले होते. त्याने डोळे मिटले नाहीत, मान डोलवली नाही. अंगठा नकळत त्या झिजलेल्या जागी टेकला, आणि त्याने सगळ्यात जाड तार ओढून सोडली.

असा आवाज रत्नागिरीत कुणी ऐकला नव्हता. खुर्च्यांच्या पत्र्यातून तो चढला, मांडवाच्या बांबूंतून फिरला, आणि गंधारच्या छातीत येऊन थांबला. कितीतरी वेळ तो आवाज विरेना. पंधरा वर्षं ज्याच्याबद्दल बोललो ते हे असं असतं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याने दुसरी तार सोडली. तिसरी. चौथी. मग हात खाली आला.

"पुढे?" मागून कुणीतरी ओरडलं.

गंधारने माइक ओढून घेतला. "पुढचं येत नाही," तो म्हणाला. "मला काहीच येत नाही. मी नुसत्या वायरी गुंडाळायचो."

पहिल्या रांगेत उमा उभी राहिली. "अकरा वर्षं!" एवढंच ती म्हणाली आणि पर्स काखेत मारून मांडवाबाहेर चालती झाली. तिला हाक मारायलाही कुणी धजलं नाही.

बाबल्या मिस्त्रीने अध्यक्षांच्या हातातला नारळ घेतला आणि कानाशी धरून हलवून बघितला. आत पाणी होतं.

"आता घेतो," तो म्हणाला. "होडी तरंगली. नाखवाच बुडाला, त्याला सुतार काय करणार?"